तेल अडीच पट झालं, माझा फंड जागेवरच : तेल-वायूच्या ईटीएफबद्दल

पिंपळपान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

मार्च २०२० च्या शेवटी कच्चं तेल २० डॉलरवर आलं होतं. यापेक्षा स्वस्त आणखी काय मिळणार, असं वाटलं. वायद्यांत हात घालायची छाती नव्हती, म्हणून कच्च्या तेलाचा एक ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, घेतला. नाव सांगत नाही, कारण फंडाने जे करतो म्हणून लिहिलं होतं तेच केलं. वाचलं नव्हतं मी. पुढे जानेवारी २०२१ मध्ये डब्ल्यूटीआय, म्हणजे अमेरिकेचं कच्चं तेल, ५० च्या वर गेलं. अडीच पट! हौसेने खातं उघडलं तर फंड जेमतेम घेतल्या भावाला. आधी वाटलं ॲपमध्ये काहीतरी अडकलंय, दोनदा लॉगआउट करून पाहिलं. मग विकून मोकळा झालो.

आता पुन्हा तेल-वायूत थोडे पैसे घालायचं डोक्यात आहे, पाचेक वर्षांसाठी. यावेळी आधी विचारतो. हे असं झालं कसं? आणि तेलाचे म्हणून जे ढीगभर ईटीएफ दिसतात त्यांतला कुठला कशासाठी?

नुसताच_वाचक

कॉन्टँगो. बाकी जाणकार येतीलच. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

पिंपळपान

हा शब्द तेव्हाही वाचला होता. कळला तेव्हाही नव्हता.

गणिती

सोन्याचा ईटीएफ सोनं घेऊन तिजोरीत ठेवतो. तेलाचा फंड तेल ठेवत नाही, ठेवणार कुठे? तो वायदे घेतो, म्हणजे पुढच्या एखाद्या महिन्यात ठरल्या भावाने तेल घ्यायचे करार. न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारात डब्ल्यूटीआयचा एक वायदा म्हणजे १,००० बॅरल, आणि दर महिन्याचा वायदा वेगळा. मुदत संपायच्या आत फंडाला जवळचा वायदा विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो, नाहीतर खरोखरचं तेल ताब्यात घ्यायची पाळी येईल. यालाच रोल करणं म्हणतात. पुढचा महिना जवळच्यापेक्षा महाग असेल तर कॉन्टँगो, स्वस्त असेल तर बॅकवर्डेशन. तुम्ही शिरलात तेव्हा कॉन्टँगो होता, आणि साधासुधा नव्हता.

आडवाटेचा

म्हणजे बघा, चालू महिना २० डॉलर, पुढचा २५. फंडाकडे १,००० बॅरल. विकले, २०,००० डॉलर आले. २५ च्या भावाने ८०० बॅरल मिळाले. एका रोलमध्ये २०० बॅरल गायब! हा तर दरमहा दरोडा झाला.

गणिती

थांबा थांबा. हीच चूक सगळीकडे छापून येते. रोलच्या क्षणी एक पैसाही जात नाही. आधी २०,००० डॉलरचं तेल होतं, नंतरही २०,००० डॉलरचंच आहे. बॅरल कमी, पण प्रत्येक महाग.

पैसे जातात ते नंतर. समजा महिनाभर हजर, म्हणजे आज ताब्यात मिळणाऱ्या, तेलाचा भाव २० वरून हललाच नाही. तुमचा २५ चा वायदा मुदत जवळ येईल तसा २० कडे घसरत येतो, कारण शेवटी वायद्याचा भाव हजर भावालाच येऊन मिळतो. महिनाअखेरीला ८०० बॅरल गुणिले २०, म्हणजे १६,०००. बातम्यांत 'तेल स्थिर', आणि तुमचे २० टक्के गेलेले.

हा कीस उगाच काढत नाहीये. पैसे रोलमध्ये जळतात असं धरलं की माणूस हुशारी करतो : रोलच्या आठवड्यात बाहेर पडू, नंतर परत शिरू. काडीचा उपयोग नाही. ती घसरण थोडी थोडी रोजच चालू असते.

आडवाटेचा

कागदावर करून पाहिलं. शब्द मागे.

मंदाकिनी

गणितीकाकांनी हिशेब दिला, मी त्यामागचं सांगते. काही वर्षं तेलवाहू जहाजांच्या चार्टरिंगमध्ये होते. आज तेल घेऊन तीन महिन्यांनी द्यायचं म्हटलं की टाकीचं भाडं, अडकलेल्या पैशावरचं व्याज आणि विमा एवढं तरी पुढच्या भावात चढतंच. एरवी हा फरक किरकोळ असतो. टाक्या भरत आल्या की मात्र टाकीवाला मागेल ती किंमत.

मार्च २०२० मध्ये एकीकडे जगाचा खप कोसळला, दुसरीकडे सौदी आणि रशियाची भावाची लढाई सुरू झाली. जमिनीवरच्या टाक्या भरत आल्या तशी लोकांनी जहाजं टाकी म्हणून भाड्याने घ्यायला सुरुवात केली. एका व्हीएलसीसीत, म्हणजे महाकाय तेलवाहू जहाजात, २० लाख बॅरल मावतात. आमच्या धंद्यात फोन आला की पहिला प्रश्न 'कुठून कुठे?' असा असतो. त्या दिवसांत फोन यायचे ते 'किती महिने उभं राहील?' असे. रोजचं भाडं लाख डॉलरच्या वर गेलं होतं. तेलाला कुठेच जायचं नव्हतं, नुसतं तरंगायचं होतं.

पिंपळपान, तुम्ही खरेदी केली ती नेमकी या दिवसांत. तेल स्वस्त होतं ते टाक्या भरल्यामुळे, आणि पुढचा वायदा महाग होता तोही टाक्या भरल्यामुळेच. तो २० डॉलरचा भाव खरा होता, पण रिकामी टाकी असणाऱ्यासाठी.

पिंपळपान

शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. धन्यवाद ताई.

कोरा_कागद

वजा भाव त्याच वेळचा ना? तेलाचे फंड त्या दिवशी बुडाले असं ऐकून आहे.

मंदाकिनी

२० एप्रिल २०२०. मेचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याची मुदत संपत होती आणि ज्याच्या हातात राहील त्याला ओक्लाहोमातल्या कुशिंगला तेल ताब्यात घ्यावं लागणार होतं. तिथल्या टाक्यांतली जागा जवळजवळ सगळी आधीच लावलेली. तेव्हा 'पैसे घ्या पण हे घेऊन जा' अशी गत. त्याच्या ८ दिवस आधी ओपेक प्लस या तेल-निर्यातदार देशांच्या गटाने रोज ९७ लाख बॅरलची कपात ठरवली होती, पण ती १ मेपासून. तोवर टाकी थांबत नाही.

त्याच दिवशी ब्रेंट मात्र २५ च्या आसपास होतं. ते समुद्रातून निघणारं तेल, थेट जहाजात चढतं, आणि त्याचा वायदा रोखीने मिटवता येतो. 'तेलाचा भाव' असं एकच काही नसतं, हे त्या दिवशी सगळ्या जगाला दिसलं.

गणिती

फंड त्या दिवशी बुडाले हे खरं नाही. यातला सगळ्यात गाजलेला यूएसओ, म्हणजे युनायटेड स्टेट्स ऑइल फंड, तोवर मे सोडून जूनमध्ये गेलेला होता. त्याला दणका बसला दुसऱ्या दिवशी, जूनचा वायदा २० वरून १२ च्याही खाली आला तेव्हा. मग त्याने काही दिवसांत पुन्हा पुन्हा रचना बदलून पैसे लांबच्या महिन्यांत पसरले. शून्याखाली जायचा धोका कमी झाला, पण लांबचे महिने आधीच महाग होते. जवळचा महिना उसळला तेव्हा ते त्या मानाने कमी उसळले. पिंपळपान, तुमचं अर्ध उत्तर इथे आहे.

आता लांब पल्ल्याचं. हाच फंड एप्रिल २००६ मध्ये सुरू झाला तेव्हा युनिट ६७-६८ डॉलरचं होतं, आणि तेलही जवळपास तेवढ्यालाच. एप्रिल २०२० च्या शेवटी रिव्हर्स स्प्लिट करून ८ युनिटांचं १ केलं. म्हणजे आजच्या युनिटच्या मापाने सुरुवात साधारण ५४० ची धरायला हवी. २०२४ मध्ये युनिट बहुतेक काळ ७० ते ८० च्या दरम्यान होतं, तेलही त्याच घरात. दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटेल, वा, काय इमानदारीने चालतोय. प्रत्यक्षात तेव्हा उरला होता सातवा हिस्सा.

आडवाटेचा

त्याच आठवड्यातली आणखी एक भानगड. ईटीएफचा भाव एनएव्हीला, म्हणजे एका युनिटमागे फंडात असलेल्या मालाच्या किमतीला, चिकटून राहतो, कारण मागणी वाढली की मोठे दलाल फंडाकडून नवी युनिटं काढून बाजारात ओततात. २१ एप्रिलला यूएसओची नोंदवलेली युनिटंच संपली आणि नवी काढणं थांबलं. लोक तर तुटून पडलेले. मग भाव एनएव्हीच्या वर गेला. म्हणजे तेल पडत असताना तेलाचा फंड चढ्या भावाने विकत घेणारे लोक होते. घाई असली की एनएव्ही कोण बघतो.

नुसताच_वाचक

एवढं सगळं वाचून मनात एकच येतं : या वायदेवाल्या फंडांच्या वाटेला जाऊच नये. तेल काढणाऱ्या कंपन्यांचे ईटीएफ घ्यावेत, लाभांश खावा, गप्प बसावं.

गणिती

सरसकट तसं म्हणू नका. २०२२ हे एकच वर्ष घ्या. डब्ल्यूटीआय वर्षाच्या सुरुवातीला ७५, शेवटी ८०. म्हणजे वाढ ७ टक्के. त्याच वर्षात यूएसओ सुमारे २९ टक्के वर. कारण बॅकवर्डेशन : युक्रेनच्या युद्धानंतर प्रत्येकाला तेल आज हवं होतं, तीन महिन्यांनी नको. पुढचा वायदा स्वस्तात घ्यायचा आणि तो हजर भावाकडे चढत जायचा. २०२० मध्ये जी चक्की तुम्हाला दळत होती तीच उलटी फिरली.

आणि कंपन्या? एक्सएलई हा अमेरिकी ऊर्जा कंपन्यांचा ईटीएफ त्या वर्षी लाभांश धरून ६० टक्क्यांच्या वर गेला, बाकीचा बाजार पडलेला असताना.

तेल ७, वायदे २९, कंपन्या ६० च्या वर. वर्ष एकच. तिन्हींना बातम्यांत 'तेलातली गुंतवणूक' म्हणतात! म्हणून मी कुणी 'तेलात पैसे घालू का' विचारलं की आधी विचारतो, यातल्या कशात.

आडवाटेचा

इथे मला थोडं भांडायचंय. कंपन्यांचा ६० चा आकडा दाखवून भुलवू नका. २०२० मध्ये अमेरिकेचं ऊर्जा क्षेत्र एक तृतीयांश घसरलं होतं, आणि त्याआधीची काही वर्षंही रडतखडतच गेली. ऑगस्ट २०२० मध्ये एक्सॉनला डाऊ जोन्स निर्देशांकातून काढलं, इतकी वेळ आलेली. शिवाय कंपनीचा शेअर हा आधी शेअर असतो आणि मग तेल. बाजार कोसळला की तोही बरोबर कोसळतो, तेलाचं काहीही होवो.

दुसरं म्हणजे 'कंपन्यांचा ईटीएफ' हाही एक प्रकार नाही. एक्सएलईत वीस-बावीस नावं, पण साधारण ४० टक्के वजन दोघांचंच, एक्सॉन आणि शेव्हरॉन. हे राक्षस विहिरीपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळं करतात. कच्चं तेल पडलं तर रिफायनरीचा नफा कधीकधी सावरून घेतो, त्यामुळे धक्के कमी आणि उसळीही कमी. एक्सओपीत पन्नासेक कंपन्या जवळपास सारख्या वजनाने, त्यांत नुसतं खोदून काढणाऱ्या लहान-मध्यम बऱ्याच, काही कर्जात बुडालेल्या. तेल १० टक्के हललं की हा जोरात हलतो. ओआयएचमध्ये तर तेलच नाही, ड्रिलिंगची यंत्रं आणि सेवा देणाऱ्या कंपन्या. तेल महाग झालं तरी कंपन्यांनी नव्या विहिरींवर खर्च करायचं ठरवलं तरच यांना काम मिळणार. आणि पाइपलाइनवाले एएमएलपीसारखे फंड म्हणजे टोलनाका : तेल कितीला विकलं याच्याशी मतलब कमी, किती वाहिलं याच्याशी जास्त.

मंदाकिनी

टोलनाका, छान. फक्त २०२० मध्ये टोलनाकेही पडले होते, कारण गाड्याच येणार नाहीत अशी भीती होती.

कोरा_कागद

धाग्यात वायू म्हटलंय म्हणून माझं रामायण सांगतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात रोज बातमी एकच : रशियाचा गॅस आटतोय, युरोपात भाव आकाशाला. मी नैसर्गिक वायूचा एक फंड घेतला. विचार सरळ होता, गॅस महागतोय, गॅस घ्या. ८ जूनला टेक्सासमधल्या फ्रीपोर्टच्या एलएनजी (द्रवरूप वायू) प्रकल्पात स्फोट होऊन आग लागली. मला वाटलं, पुरवठा आणखी घटला, आपली चांदी. फंड पडला! मी दोनदा बातमी वाचली.

मग कुणीतरी समजावलं. माझा फंड हेन्री हबचा, म्हणजे लुईझियानातल्या जोडकेंद्राच्या भावाचा. फ्रीपोर्ट रोज सुमारे २ अब्ज घनफूट वायू थंड करून जहाजाने बाहेर धाडत होता. तो बंद पडला म्हणजे तेवढा वायू अमेरिकेतच अडकला. तिथे मुबलक, युरोपात टंचाई. एकाच आगीने एक भाव पडला आणि दुसरा चढला, आणि मी चुकीच्या बाजूला उभा.

मंदाकिनी

याचं कारण साधं आहे. तेल जहाजात ओतलं की निघालं. वायूला पाइप लागतो, नाहीतर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा कारखाना आणि पलीकडे परत वायू करायचा कारखाना. म्हणून तेलाचा बाजार जगाचा, वायूचा अजूनही बऱ्यापैकी आपापल्या खंडाचा.

गणिती

वायूत कॉन्टँगोही जास्त क्रूर. एप्रिल ते ऑक्टोबर जमिनीखाली साठवायचा, नोव्हेंबर ते मार्च उपसायचा. हिवाळ्याचे वायदे महागच असणार, आणि हिवाळा सौम्य निघाला की ते धाडकन खाली. मार्च आणि एप्रिलच्या वायद्यांतल्या फरकावर खेळणं याला तिथले लोक 'विधवा करणारा सौदा' म्हणतात. अमॅरंथ नावाचा हेज फंड २००६ मध्ये वायूच्या असल्याच सौद्यांत ६ अब्ज डॉलरच्या वर घालवून संपला. आणि यूएनजी हा वायूचा प्रसिद्ध फंड २००७ पासून आहे, त्याचे रिव्हर्स स्प्लिट मोजा : २०११, २०१२, २०१८, २०२४. पहिला दोनास एक, पुढचे तिन्ही चारास एक. सुरुवातीच्या १२८ युनिटांचं आता १ झालंय. वायूचा फंड हे काही दिवसांचं, फार तर आठवड्यांचं हत्यार आहे. पाच वर्षं ठेवायचा म्हणजे बर्फाची मुदत ठेव.

कोरा_कागद

१२८!! हे माहीत नव्हतं. मी लवकर सुटलो म्हणायचं.

नवा_गडी

दुप्पट लेव्हरेजवाले चालतील का? तेल वाढणार हे नक्की आहे, मग दुप्पट का घेऊ नये?

गणिती

नक्की असेल तर आम्हालाही सांगा. ते फंड दुप्पट देतात ते रोजचं, वर्षाचं नाही. तेल आज १०० चं ९०, उद्या परत १००. तुमचा दुप्पटवाला आज १०० चा ८०, उद्या २२.२२ टक्के वाढून ९७.७८. तेल जागेवर, तुम्ही सव्वादोन टक्के खाली, दोन दिवसांत. तेलात अशा उड्या महिनोन्महिने चालतात. आणि त्यांतले काही ईटीएन असतात, म्हणजे बँकेने लिहून दिलेली चिठ्ठी. बँक बुडाली तर चिठ्ठीही गेली. २०२० मध्ये अशा काही चिठ्ठ्या मुदतीच्या आधीच गुंडाळल्या होत्या. तेल सावरलं तेव्हा धारकांकडे सावरायला काही उरलंच नव्हतं.

नवा_गडी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करता येईल का? :)

हिरवळ

अवांतर : जीवाश्म इंधनात पैसे घालावेत का, यावर कुणीच बोललं नाही.

आडवाटेचा

त्यावर बोलायलाच हवं, पण इथे सुरू झालं तर पिंपळपानांचा फंड राहील बाजूला. वेगळा धागा काढा, येतो.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. मला जे कळलं ते असं, चुकलं तर कान पकडा. पाच वर्षांसाठी वायद्यांचा फंड नको, तो बाजाराच्या रचनेवरचा डाव आहे. घ्यायचाच तर कंपन्यांचा, आणि मग मी तेल घेतलंय असं स्वतःला सांगायचं नाही. पोर्टफोलिओत किती टक्के?

आडवाटेचा

टक्के कुणी सांगू नयेत, सांगितले तर ऐकू नयेत. एवढंच बघा की तुमच्या साध्या इंडेक्स फंडात ऊर्जा कंपन्या आधीच किती आहेत. बऱ्याच जणांकडे नकळत असतातच. कराचं आपापल्या देशाप्रमाणे पाहा. अमेरिकेत वायदेवाले फंड बऱ्याचदा भागीदारी म्हणून नोंदलेले असतात आणि के-वन नावाचा वेगळा फॉर्म पाठवतात, तो पाहून भलेभले वैतागतात.

पिंपळपान

एक शेवटचं. आज हौसेने माझ्या जुन्या फंडाची होल्डिंगची यादी उघडली. पहिल्यांदाच! चार-पाच ओळींत सीएल, पुढे एक अक्षर आणि वर्ष. ती अक्षरं कसली? आणि खाली बहुतेक पैसे अमेरिकी सरकारच्या टी-बिलांत. तेलाचा फंड, आणि पैसे सरकारी रोख्यांत?

गणिती

सीएल म्हणजे डब्ल्यूटीआयचा वायदा, अक्षर म्हणजे महिना. जानेवारीचा एफ, मग जी, एच, जे, के, एम, एन, क्यू, यू, व्ही, एक्स, आणि डिसेंबरचा झेड. एकच अक्षर दिसलं तर सगळे पैसे एकाच महिन्यात आहेत, चार-पाच वेगळी दिसली तर पसरलेले. फंडाचं माहितीपत्रक शंभर पानांचं असतं, त्यातलं निम्मं या एका अक्षरात कळतं.

टी-बिलांचं म्हणाल तर वायद्याला पूर्ण पैसे मोजावे लागत नाहीत, मार्जिन (अनामत रक्कम) पुरतं. उरलेले पैसे तिथे पडून व्याज कमावतात आणि ते व्याज फंडाच्या एनएव्हीत येतं, म्हणजे तुमचंच. २०२३ मध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास होतं.

पिंपळपान

आणि मी घेतला तेव्हा?

गणिती

जवळपास शून्य.